कलेची पुस्तकं इतक्या कपाटांत का विखुरली?

पैठणीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचं विद्यापीठ ग्रंथालयात एका कपाटाशी भागत नाही. कापड उद्योगाची पुस्तकं ६७७ क्रमांकाशी, पेहरावाची ३९१ शी, वस्त्रकलेची ७४६ शी आणि पैठणच्या प्राचीन इतिहासाची ९३४ शी. या विखुरण्याचं मूळ १८७६ मध्ये आहे. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूईने त्या वर्षी पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणारी आपली दशांश वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली आणि कलांना ७०० चा वर्ग दिला. ‘डिझाइन’ हा स्वतंत्र अभ्यासविषय तेव्हा नव्हता; वस्तू बनवण्याचं तंत्र ६०० मध्ये गेलं, तिचं सौंदर्य ७०० मध्ये आणि ती वापरणाऱ्या समाजाचे रीतिरिवाज ३९० च्या घरात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या कोलन वर्गीकरण पद्धतीत ललित कलांना ‘एन’ हे अक्षर दिलं, पण वस्त्रोद्योग तिथेही ‘उपयुक्त कलां’च्या ‘एम’ मध्येच राहिला.

आपल्याकडे आणखी एक फाटा फुटला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग मार्च १८५७ मध्ये सुरू झाले, विद्यापीठ त्याच वर्षी जुलैमध्ये स्थापन झालं. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय १८७८ मध्ये उभं राहिलं. शहर एक, वर्ष एक, तरी दोन्ही संस्था वेगळ्या वाटांनी गेल्या. जे.जे.मध्ये शिक्षण हाताचं होतं, आणि पुढे शासनाची पदविका हेच त्याचं प्रमाणपत्र राहिलं. विद्यापीठाच्या पदवीशी ते १९८१ मध्ये जोडलं गेलं. शंभराहून अधिक वर्षं चित्रकाराचा ग्रंथसंग्रह एकीकडे आणि इतिहासकाराचा दुसरीकडे वाढला. बडोद्याने हे आधीच ओळखलं होतं: महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला गेले आणि चित्र काढणं व कलेतिहास वाचणं एकाच छताखाली आलं. डिझाइनसाठी अहमदाबादची राष्ट्रीय संस्था १९६१ ची, पवईच्या आयआयटीतलं केंद्र १९६९ चं. त्यांचे संग्रह आणखी निराळे.

अशा संग्रहांतले जुने ग्रंथ किती मोलाचे असू शकतात, हे अजिंठ्यावरून कळतं. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत सापडल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये छापले गेले. लेण्यांतली चित्रं नंतरही झिजत राहिल्यामुळे त्या खंडांतली पानं आज स्वतःच पुरावा झाली आहेत. असे ग्रंथ सहसा उघड्या मांडणीवर नसतात. दुर्मिळ विभागात चिठ्ठी देऊन मागावे लागतात आणि तिथेच बसून पाहावे लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर कलेतिहास, वस्त्रविद्या, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांतले प्रबंध एकाच शोधात समोर येऊ लागले. त्यांच्या संदर्भसूचीतून कोणत्या कपाटाकडे वळायचं ते कळतं. त्या क्रमांकाशी पोचल्यावर शेजारची चार पुस्तकंही जरूर काढून पाहावीत.