सुईच्या तपासणीने गाठ ‘खवळत’ नाही

‘गाठीला सुई टोचली की कर्करोग खवळतो आणि अंगभर पसरतो’, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. ही भीती समजण्यासारखी आहे, कारण निदान सुईनंतर होते आणि आजार तिच्यामुळेच वाढला असे वाटते. उदाहरणार्थ, सायनोव्हियल सार्कोमा हा स्नायू, चरबी यांसारख्या मऊ ऊतींचा दुर्मीळ कर्करोग पाहा (नाव सांध्याच्या अस्तरावरून पडले असले, तरी तो त्यातून उगम पावत नाही). त्यात एक्स आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एसएस१८ व एसएसएक्स ही जनुके एकमेकांना जोडली जातात, आणि त्यातून तयार होणारे प्रथिन पेशींचे नियंत्रण बिघडवते. म्हणजे पसरण्याची क्षमता पेशींतच असते. ती सुईने येत नाही. उलट हे जोडजनुक ओळखायला सुईने काढलेला ऊतीचा तुकडाच (बायोप्सी) लागतो आणि शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा क्रम निदानावरच ठरतो. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका शून्य नाही, पण तो फार कमी असतो. म्हणूनच ती वाट पुढे शस्त्रक्रियेत काढता येईल अशी आखतात. निदानाआधी गाठ घाईने कापणे मात्र महागात पडते, कारण कडेला पेशी उरू शकतात. पडताळायचे असल्यास पॅथॉलॉजी अहवालात जनुकचाचणीची नोंद पाहावी आणि सुईची वाट कशी ठरवली, हे शल्यचिकित्सकांना विचारावे.