लष्कराच्या खर्चाने डॉक्टर व्हायचंय? फॉर्म भरण्याआधी घरात बसून हे वाचा

चाळीसगावच्या स्टेशन रोडवरचं आमचं ऑफिस छोटंच आहे. दोन संगणक, एक प्रिंटर आणि बाकावर बसलेले पालक. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की त्या बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मना पोऱ्याले डॉक्टर व्हवानं शे, पन पैसा नई. मिलिटरीनी स्कॉलरशिप भेटस म्हने?"

हो, अशी सोय आहे. पण तिला स्कॉलरशिप म्हणणं बरोबर नाही, आणि या एका शब्दामुळेच पुढचे सगळे गैरसमज होतात. स्कॉलरशिप मिळते, खर्च होते, विषय संपतो. इथे सरकार तुमच्या मुलाला किंवा मुलीला एमबीबीएस करून देतं आणि बदल्यात काही वर्षांची नोकरी लिहून घेतं. अठरा वर्षांचं पोर पुढच्या बारा-तेरा वर्षांचा करार करत असतं. तो करार समजून केला तर यासारखी संधी नाही. न समजता केला तर साठ लाखांच्या वर रक्कम गळ्यात पडू शकते. म्हणून हे पत्रक.

कॉलेज कुठलं

पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच एएफएमसी. स्थापना १९४८ ची, एमबीबीएसचा अभ्यासक्रम १९६२ पासून. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या सरकारी मेडिकलची मुलं घेतात तीच. जागा दर वर्षी १५०. त्यातल्या पाच मित्रदेशांच्या विद्यार्थ्यांसाठी. उरलेल्या १४५ पैकी ११५ मुलांना आणि ३० मुलींना. नीटला देशभरातून बावीस लाखांवर पोरं बसतात, त्यातल्या या १४५. शिक्षणाची फी नाही, राहण्या-जेवणाचा खर्च नाही. एखाद्या खासगी मेडिकलच्या एका वर्षाच्या फीसाठी शेत गहाण टाकायची वेळ येते, तिथे हे किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

मोबाईलवर व्हिडिओ बघून काही मुलं विचारतात, "अमेरिकेची आर्मी मेडिकलची पूर्ण फी भरते, वर महिन्याला स्टायपेंड देते, तिथे फॉर्म भरता येईल का?" ती योजना खरी आहे, पण अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे. त्यात वेळ घालवू नका.

बारावीचा इंग्रजीचा पेपर

इथे थोडं थांबून वाचा, कारण आपल्या खान्देशातली चांगली चांगली पोरं इथेच अडकतात. एएफएमसीची अट अशी : बारावी पहिल्याच प्रयत्नात पास, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ६० टक्के, या तिन्ही विषयांत प्रत्येकी किमान ५०, आणि इंग्रजीतही किमान ५० टक्के. गणित दहावीपर्यंत झालेलं असलं तरी चालतं.

आपल्याकडे अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलं नीटच्या क्लासला असतात. कॉलेजात नावापुरती हजेरी. इंग्रजीचं पुस्तक फेब्रुवारीत पहिल्यांदा उघडतं. "इंग्लिशमध्ये पास झालं की झालं, नीटला कुठे विचारतात?" हे वाक्य आम्ही पालकांच्याच तोंडून ऐकलंय. एका मुलाची मार्कशीट अजून डोळ्यांसमोर आहे. बायोलॉजी ९१, केमिस्ट्री ८४, इंग्रजी ४७. नीटचा स्कोअर एएफएमसीच्या यादीत सहज बसला असता. वडील ती मार्कशीट हातात धरून बराच वेळ त्या ४७ कडेच बघत होते. तीन मार्कांचा प्रश्न होता. तोंडीच्या वीस मार्कांत आणि निबंधात ते सहज मिळाले असते.

म्हणून तुमचं मूल आज अकरावीत असेल तर या पत्रकातलं एवढंच लक्षात ठेवा : आठवड्यातून दोन तास इंग्रजीला द्या. ते पुढेही कामाला येतात. नीट मराठीतून देता येते, पण एएफएमसीची पुढची परीक्षा इंग्रजीची आहे.

बाकीच्या अटी थोडक्यात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण आणि २४ च्या आत. उमेदवार अविवाहित हवा, आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. काही घरांत मुलगी एकोणीसची झाली की स्थळं यायला लागतात. अशा घरात हे आजी-आजोबांसह सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

नीट दिली, मार्क चांगले आले, आता पत्र येईल?

नाही येत. आणि हे लिहिताना आम्हाला आमची स्वतःची चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी पाचोऱ्याकडच्या एका मुलीचा सीईटी सेलचा, म्हणजे राज्यातले मेडिकल प्रवेश करणाऱ्या कार्यालयाचा, फॉर्म आम्ही भरून दिला होता. तिला लष्करात जायचं होतं, हे तिने बोलण्यात सांगितलंही होतं. पण एएफएमसीची नोंदणी वेगळी करावी लागते, हे आम्ही तिला ठामपणे सांगितलं नाही. ती आणि तिचे वडील पत्राची वाट बघत राहिले. ते विचारायला आले तेव्हा पहिली फेरी होऊन गेली होती. त्या मुलीला सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळालं, पण तिचं वर्दीचं स्वप्न आमच्या टेबलावर राहून गेलं. तेव्हापासून नीटच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे आम्ही सगळ्यात आधी सांगतो.

रस्ता असा आहे. नीटच्या निकालानंतर केंद्राची एमसीसी म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समिती ऑनलाइन नोंदणी उघडते. राज्याच्या सीईटी सेलची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. एमसीसीच्या पहिल्याच फेरीत नोंदणी करून कॉलेजांच्या पसंतीत एएफएमसी भरावं लागतं. मग एमसीसी ती नावं एएफएमसीकडे पाठवते आणि कॉलेज नीटच्या गुणांवरून पुढच्या चाचणीसाठी यादी लावतं. मुलींची गुणरेषा (कट-ऑफ) साधारणपणे मुलांपेक्षा वर असते, कारण जागा ३० च. गेल्या वर्षीचा आकडा धरून बसू नका. २०२५ चा नीटचा पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका अवघड होता की २०२४ च्या गुणरेषांशी त्याची तुलनाच होत नाही. मार्क थोडे कमी वाटले तरी पसंती भरून ठेवा.

फॉर्मवरचं नाव हा आपल्याकडचा जुना त्रास. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि कुठेतरी वडिलांच्या नावातला 'राव' गळालेला. नीटचा फॉर्म भरतानाच दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे नाव टाका आणि आधारही तसंच दुरुस्त करून घ्या. नीटच्या फॉर्मला लावलेल्या फोटोच्या आठ-दहा प्रती घरात जपून ठेवा. तोच फोटो पुढे परत परत मागतात.

पुण्यातले दिवस

यादीत नाव आलं की पुण्याला बोलावणं येतं. तिथे संगणकावर इंग्रजी आणि तर्कशक्तीची चाचणी असते. ४० प्रश्न, ३० मिनिटं, प्रत्येक बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला अर्धा गुण वजा. एका प्रश्नाला पाऊण मिनिट येतं. नीटच्या तयारीतल्या मुलांना बायोलॉजी पाठ असतं, पण इंग्रजी उतारा वाचून पटकन उत्तर काढायची सवय नसते. यासाठी महागडा क्लास लावायची गरज नाही. रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून सोडवा, महिनाभर.

मग मानसिक चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत. मुलाखतीत घरची परिस्थिती सांगायला संकोच करू नका. कापूस वेचलाय, केळीच्या बागेत घड उतरवलेत, तर ते तसंच सांगा. पण 'लष्करात का यायचंय' याचं उत्तर 'फी नाही म्हणून' एवढंच असेल, तर मुलाखतीआधी स्वतःशी बसून नीट विचार करा. समोर बसलेले अधिकारी आयुष्यभर हेच काम करतात. त्यांना कळतं.

शेवटी वैद्यकीय तपासणी. ती पुण्यात जाऊन पहिल्यांदा होऊ देऊ नका. दोन गोष्टी तर घरीच बघता येतात. पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठेवा. तळव्याची मधली कमान कोरडी राहिली पाहिजे. पूर्ण पावलाचा ठसा उमटला तर तळवा सपाट असू शकतो. गुडघे जुळवून सरळ उभं राहा आणि घोट्यांमध्ये किती फट पडते ते पाहा. ती मोठी असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कानातला मळ, किडलेले दात, नाकाचं हाड, जास्त वजन यांवर दोन-तीन महिने आधी उपाय होतो. चष्म्याचा नंबर आणि रंग ओळखण्याची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्या. नंदुरबारकडच्या कुटुंबांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणीही करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती होते.

गोंदणाबद्दलही विचारणा होते. सैन्यदलांच्या भरतीत कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी समाजात परंपरेने असलेल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. भिल्ल, पावरा घरातल्या मुला-मुलींनी आजीने काढलेलं गोंदण पुसायच्या नादात कातडी जाळून घेऊ नये. आधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका घेऊन या, एकत्र वाचू.

तपासणीत 'अनफिट' लिहिलं म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. अपील मेडिकल बोर्ड असतं. मुदत विचारून घ्या आणि त्याच दिवशी अर्ज करा. घरी येऊन चार लोकांचा सल्ला घेण्यात मुदत निघून जाते.

बाँड

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही बाँड लिहून द्यावा लागतो. शिकून झाल्यावर लष्कर, नौदल किंवा हवाई दलात डॉक्टर म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, घ्यायचं. गुणवत्तेनुसार कोणाला कायमचं कमिशन मिळतं, कोणाला सात वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. मध्येच शिक्षण सोडलं किंवा कमिशन नाकारलं तर बाँडची रक्कम भरावी लागते. अलीकडच्या वर्षांत ती साठ लाखांच्या वर आहे. ही रक्कम ऐकून घाबरू नका, पण ती कागदावर वाचा. आई-वडील दोघांनी वाचा.

घरात यावर मोकळं बोला. पोरगं लेह किंवा ईशान्येला पोस्टिंगवर असेल, दिवाळीला येईलच असं नाही. शेताची वाटणी, बहिणीचं लग्न, वडिलांचं आजारपण अशा वेळी सुट्टी मागून यावं लागेल. पीजी (एमडी, एमएस) लगेच करून गावात दवाखाना टाकायचा मनसुबा असेल, तर हा रस्ता तुमचा नाही. पीजी इथेही होतं, पण आधी युनिटमध्ये काम करावं लागतं.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. सातव्या वेतन आयोगानुसार कॅप्टन डॉक्टरचा मूळ पगार ६१,३०० रुपयांपासून सुरू होतो, वर १५,५०० लष्करी सेवा वेतन आणि इतर भत्ते. डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा रुपया नाही. आणि झेलम एक्सप्रेसने वर्दीतला मुलगा स्टेशनवर उतरतो तेव्हा घरच्यांना काय वाटतं, हे आपल्या भागात ठाऊक नसलेलं घर क्वचितच असेल.

इथे नंबर नाही लागला तर

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस करा आणि नंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज करा. एमबीबीएसवाल्यांना वय तिशीच्या आत लागतं. आधी पाच वर्षं, पुढे वाढवून एकूण चौदापर्यंत नोकरी करता येते. त्यात शिक्षणाचा खर्च मिळत नाही, पण वर्दी मिळते.

मुलींसाठी लष्कराचं बीएस्सी नर्सिंगही आहे. पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनौ आणि बंगळूर अशा सहा ठिकाणी मिळून २२० जागा. निवड नीटच्या गुणांवरूनच सुरू होते, पण अर्ज वेगळा.

घरात माजी सैनिक असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये, एमबीबीएससाठीही. बारावीला ६० टक्के हवेत. वडील अजून नोकरीत असतील तर ही मिळत नाही. राज्याच्या प्रवेशात सैनिक कुटुंबांसाठी राखीव जागा आहेत, त्याचा दाखलाही त्याच कार्यालयातून निघतो. वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त झाल्याची नोंदवही, ट्रंकेच्या तळाशी असतं. ते आत्ताच शोधून ठेवा.

पैसे मागणाऱ्यांबद्दल

एएफएमसीत मॅनेजमेंट कोटा नाही, डोनेशन नाही, कोणाची 'ओळख' चालत नाही. "दोन लाख द्या, मेडिकल पास करून देतो" असा फोन आला तर सरळ पोलिसांना कळवा. आमच्याकडे एमसीसीची नोंदणी आणि पसंती भरायचे २०० रुपये लागतात, सरकारी फी वेगळी, तिची पावती तुमच्या नावाने निघते. बाँड वाचून समजावून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही, फॉर्म दुसरीकडे भरला असला तरी.

येताना दहावीचं सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, आधार, डोमिसाईल, आणि असेल तर जातीचा दाखला व त्याची वैधता आणा. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईलही आणा, आणि मुलासोबत आई-वडिलांपैकी एकाने तरी या. सकाळी दहाच्या आत आलात तर बाकावर गर्दी नसते, बोलायला वेळ मिळतो.