रक्ताचं माहेर

पावसाळा लागला, फोंड्यात डेंगीची कुजबुज सुरू झाली, की शेजारपाजारच्या पपयांची पानं रातोरात नाहीशी होतात. 'प्लेटलेट वाढतात' म्हणे! डेंगी उतरताना प्लेटलेट बहुधा आपल्या आपणच वर येतात. श्रेय मात्र तो कडूजहर रस घेऊन जातो. आणि ज्या पेशींचा यात खरोखर हात असतो, त्यांचं नावही कुणी काढत नाही. रक्तवाहिनीला आतून अस्तर लावणाऱ्या चपट्या पेशी त्या, म्हणजे अंतःस्तर पेशी.

शाळेत आपण रक्तवाहिनी म्हणजे नळी असं शिकलो. पण खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधातलं एखादं ढेकूळ सुटून मासा झालं आणि पोहायला लागलं तर? गर्भात जवळपास हेच घडतं. माणसाचा गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना महाधमनीच्या पोटाकडच्या भिंतीतल्या मोजक्या अंतःस्तर पेशींचं रक्ताच्या मूलपेशींत, म्हणजे सगळ्या रक्तपेशींना जन्म देणाऱ्या पेशींत, रूपांतर होऊ लागतं. झेब्रामाशाचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. २०१० मध्ये हा प्रकार त्याच्यात जिवंतपणी चित्रित झाला. चपटी पेशी वाकते, फुगते, शेजारणींचे हात सोडते, गोल होते आणि भिंतीतून निसटते. शेजारणी लगेच एकमेकींना भिडतात. भिंतीला भगदाड पडत नाही. मी तर थक्कच झालो!

यासाठी 'रनएक्स-१' हे जनुक जागं व्हावं लागतं. ते काढून टाकलेल्या उंदरांचे गर्भ जगत नाहीत. शिवाय रक्ताचा प्रवाहही हवा. प्रवाह भिंतीला घासतो, अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतो, आणि त्याने मूलपेशी बनायला चालना मिळते. ज्या झेब्रामाशांचं हृदय धडधडतच नाही, त्यांच्यात या पेशी फार कमी बनतात. नायट्रिक ऑक्साइड देणारं औषध दिलं की ती उणीव बरीच भरून निघते. हे २००९ मधलं संशोधन.

या मूलपेशी आधी यकृतात वाढतात, मग हाडांच्या मज्जेत बिऱ्हाड करतात. तिथेही त्यांच्या उशाला अंतःस्तर पेशी असतातच. 'स्टेम सेल फॅक्टर' आणि 'सीएक्ससीएल-१२' ही प्रथिनं पुरवून त्या मूलपेशींना सांभाळतात.

आणि प्लेटलेट? याच मूलपेशींपासून घडलेली मज्जेतली एक अजस्र पेशी तिथल्या रुंद केशिकांच्या भिंतीतून आपले लांबलचक धागे आत सरकवते. वाहतं रक्त त्यांचे तुकडे पाडतं. असे सुमारे १०० अब्ज तुकडे रोज पडतात, पपयीला न विचारता.