गिझरचा थर्मोस्टॅट आणि टायमर: दोन वेगळ्या कामांची पार्श्वभूमी

डिसेंबरात परभणीचा पारा 10 अंशांखाली उतरतो, तरी मराठवाड्यात खोल्या तापवायची यंत्रणा कुणी बसवत नाही. इकडे तापवायचे ते अंघोळीचे पाणी. पूर्वी ते तांब्याच्या बंबात तापे. मधल्या नळीत तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या घालायच्या, वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी यायचे. जाळ केव्हा पेटवायचा आणि केव्हा ओढायचा, हे घरातले माणूसच ठरवी. गिझर आल्यावर यातले पहिले काम टायमरकडे गेले आणि दुसरे थर्मोस्टॅटकडे. जुन्या गिझरच्या बऱ्याच तक्रारी ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतात.

थर्मोस्टॅटची कल्पना गिझरपेक्षा कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल याने अंडी उबवण्याच्या पेटीची ऊब पाऱ्याच्या फुगण्या-आकसण्यावर राखली होती. 1830 मध्ये स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ अँड्र्यू युर यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीवर पेटंट घेतले; एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका महाविद्यालयात शिकवणारे वॉरन जॉन्सन यांनी 1883 मध्ये खोलीसाठी विजेवरच्या थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. तोवर शिपाई वर्गावर्गात जाऊन थंडी-ऊब पाहत आणि तळघरातल्या भट्टीची झडप हलवत.

जुन्या गिझरमधला सळईचा थर्मोस्टॅट दोन धातूंच्या कमी-जास्त फुगण्याच्या तत्त्वावरच चालतो. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हारची काडी. इन्व्हार हे लोखंड-निकेलचे मिश्रण शार्ल एदुआर गियोम यांनी 1896 मध्ये शोधले. ते तापले तरी जवळजवळ फुगत नाही. पितळ लांबते, काडी तेवढीच राहते, आणि त्या केसभर फरकाने वरचा विजेचा संपर्क सुटतो. म्हणजे थर्मोस्टॅट फक्त थांबवतो. काटा 75 वर नेल्याने पाणी लवकर तापत नाही. पाणी तापवणारी कॉइल 2 किलोवॅटची असेल तर ती 2 किलोवॅटच देते.

हिशेब सोपा आहे. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 1.16 युनिट लागते, म्हणजे 2 किलोवॅटवर 35 मिनिटे. पण हे 230 व्होल्टला. गावात सकाळी व्होल्टेज 180 वर आले तर कॉइलची ताकद 1.2 किलोवॅटवर येते आणि त्याच पाण्याला 57 मिनिटे लागतात. टायमर अर्ध्या तासाचा लावून पाणी कोमटच निघते तेव्हा दोष थर्मोस्टॅटचा नसतो.

टायमरचा इतिहास विजेच्या घड्याळाशी जोडलेला. हेन्री वॉरन यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेत ग्रिडच्या वारंवारतेवर (वीज सेकंदाला जितकी आवर्तने करते त्यावर) चालणारी मोटर घड्याळात आणली. आपल्याकडच्या तबकडीच्या टायमरमध्ये तशीच, 50 हर्ट्झवर फिरणारी मोटर असते; तबकडीवर 15 मिनिटांची एक अशा 96 खुंट्या. लाईट गेली की तबकडी जागीच थांबते. लोडशेडिंगच्या वर्षांत मराठवाड्यात हे टायमर याच कारणाने बदनाम झाले: दोन तास वीज नव्हती, तर सहाचे पाणी आठला. उपाय एवढाच की वीज आल्यावर तबकडी बाणाच्या दिशेने फिरवून वेळ जुळवायची. बॅटरीचा डिजिटल टायमर वेळ चुकवत नाही, पण नेमलेल्या वेळी वीजच नसेल तर त्या दिवशी गिझर चालू होतच नाही. टायमर 16 अँपिअरचाच घ्यावा. 2 किलोवॅटला जवळपास 9 अँपिअर लागतात, 6 अँपिअरचा जळतो.

इकडचा खरा शत्रू बोअरचे जड पाणी. बेसाल्ट खडकातून आलेल्या या पाण्यातले विरघळलेले क्षार तापल्यावर घट्ट होतात, आणि 60 अंशांपुढे फार वेगाने. कॉइलवर पांढरा थर चढतो. तोच थर थर्मोस्टॅटच्या नळीवर चढला की तिला ऊब उशिरा कळते आणि पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापते. म्हणून काटा 55 ते 60 च्या दरम्यान ठेवावा.

संपर्क जळून एकमेकांना चिकटले तर वीज सुटतच नाही. तेव्हा शेवटचा आधार म्हणजे थर्मल कटआउट, पाणी फारच तापले की वीज तोडणारा वेगळा स्विच. तो उडाला की बटण हाताने दाबून परत बसवावा लागतो. तो वारंवार उडत असेल तर तक्रार कटआउटची नसून थर्मोस्टॅटची किंवा साचलेल्या क्षाराची असते. अशा वेळी कटआउटच्या दोन वायरी जोडून गिझर ‘डायरेक्ट’ करून देण्याची पद्धत सर्रास दिसते. हे कुणालाही करू देऊ नका. क्षाराने जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही गच्च झालेला असेल तर उकळत्या पाण्याच्या वाफेला वाट उरत नाही आणि टाकी फुटते.

थर्मोस्टॅट बदलायचा झाल्यास एमसीबी बंद करून, टेस्टरने तपासून, जुन्या सळईची लांबी मोजून तेवढ्याच लांबीचा आणावा. आखूड सळई टाकीच्या भलत्याच भागाची ऊब मोजते, आणि लांब सळई खोबणीत पूर्ण बसतच नाही.