क्विबेक राखायला काढलेला पैसा: कॅनडाच्या प्रायोजकत्व घोटाळ्याची पार्श्वभूमी

कॅनडाच्या प्रायोजकत्व घोटाळ्यातल्या रकमा पाहून पहिल्यांदा काहीच वाटत नाही. क्विबेकमधल्या कार्यक्रमांना सरकारी पैसे देण्याच्या या योजनेवर आणि आधीच्या तशाच उपक्रमांवर 1994 ते 2003 या काळात सगळा मिळून सुमारे 33 कोटी कॅनेडियन डॉलर खर्च झाला, म्हणजे वर्षाकाठी साधारण 4 कोटी. वर्षाला दीडशे अब्ज डॉलरच्या घरात खर्च करणाऱ्या केंद्र सरकारसाठी ही चिल्लर. तरीही याच चिल्लरीपायी लिबरल पक्षाची बारा वर्षांची सत्ता गेली आणि ज्या फुटीरतावाद्यांना थोपवायला हे पैसे काढले होते, त्यांच्या पक्षाला नवी पालवी फुटली. हे कसं झालं, ते समजायला 1995 सालात जावं लागतं.

30 ऑक्टोबर 1995 रोजी क्विबेक प्रांतात सार्वमत झालं. फ्रेंचभाषक बहुसंख्य असलेल्या या प्रांताने सार्वभौम व्हावं का, हा प्रश्न होता. 1980 सालीही असंच सार्वमत झालं होतं आणि तेव्हा ‘नाही’च्या बाजूने जवळपास साठ टक्के मतं पडली होती. 1995 मध्ये मात्र ‘नाही’ला 50.58 टक्के आणि ‘हो’ला 49.42 टक्के मतं मिळाली. फरक होता 54,288 मतांचा, तोही 93 टक्क्यांहून जास्त मतदान होऊन. पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ स्वतः क्विबेकचे. प्रचारात ते बराच काळ निर्धास्त होते, शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली. देश थोडक्यात वाचला, ही भावना राजधानी ओटावात त्या रात्रीनंतर कायमची वस्तीला आली, आणि पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी ही भीती आहे. लबाडी नंतर शिरली.

1996 च्या सुरुवातीला मंत्रिमंडळात खल झाला आणि एक निष्कर्ष निघाला: क्विबेकमधल्या लोकांना केंद्र सरकार दिसतच नाही. मग ते दाखवायचं कसं? जत्रा, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, प्रदर्शनं यांना सरकारने पैसे द्यायचे आणि बदल्यात मॅपलच्या पानाचा झेंडा आणि ‘कॅनडा’ हे नाव ठळकपणे झळकवायचं. ज्यांच्या मनातून देश उतरला होता त्यांना हॉकीच्या मैदानावरचा फलक बघून तो पुन्हा आवडू लागेल, ही कल्पना मुळातच भाबडी होती, असं मला वाटतं. पण भाबडी योजना आणि भ्रष्ट योजना यांत अंतर असतं. ते अंतर कापलं गेलं ते योजनेच्या रचनेमुळे.

पैसा यायचा तो पंतप्रधानांच्या अखत्यारीतल्या ‘राष्ट्रीय एकता’ राखीव निधीतून. राबवणारा होता सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक छोटा विभाग आणि त्याचा प्रमुख चक गिते. कोणत्या कार्यक्रमाला किती द्यायचं, कशाच्या आधारावर द्यायचं, काम झालं की नाही हे कोण तपासणार, याचे लेखी नियम नव्हते. हा विभाग खात्याच्या सचिवांना जुमानत नसे. गिते थेट पंतप्रधान कार्यालयातले ज्याँ पेलतिए आणि पुढे खात्याचे मंत्री आल्फॉन्सो गाल्यानो यांच्याशी बोलून कामं ठरवायचा. योजनेचा गाजावाजाही करायचा नाही, असंच धोरण होतं. फुटीरतावाद्यांशी हे एक प्रकारचं युद्ध आहे आणि युद्धात नियमांच्या वह्या उघडत बसत नाहीत, असा त्यामागचा सूर होता. गितेने पुढे संसदेच्या समितीपुढे याच थाटाचा बचाव केला.

सरकारने महोत्सवाला थेट चेक दिला असता तर फार काही बिघडलं नसतं. पण मध्ये जाहिरात कंपन्या घातल्या गेल्या, बहुतेक मॉन्ट्रियलच्या आणि लिबरल पक्षाशी घसट असलेल्या. कार्यक्रम सांभाळणाऱ्या कंपनीला 12 टक्के कमिशन. शिवाय आणखी एका कंपनीला निव्वळ चेक पुढे सरकवण्याचे 3 टक्के. त्यावर ‘निर्मिती खर्च’ म्हणून वेगळी बिलं. कहर म्हणजे एका सरकारी संस्थेचा पैसा दुसऱ्या सरकारी संस्थेकडे पाठवायचा तरी तो याच कंपन्यांच्या हातून जायचा. व्हिया रेल, कॅनडा पोस्ट, अगदी रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस यांच्या कार्यक्रमांवरही कमिशन कापलं गेलं. सरकारच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात पैसे टाकायची ही दलाली होती. न्यायमूर्ती गोमरी यांच्या चौकशीत शेवटी हिशेब निघाला, तेव्हा 33 कोटींपैकी जवळपास 14.7 कोटी डॉलर, म्हणजे सुमारे 44 टक्के, कंपन्यांच्या शुल्कात आणि कमिशनमध्ये गेल्याचं दिसलं.

आतून कोणी बोललंच नाही, असंही नाही. ॲलन कटलर हा खरेदी विभागातला अधिकारी. मागची तारीख टाकून केलेले करार आणि धाब्यावर बसवलेले नियम याबद्दल त्याने 1996 मध्येच तक्रार केली होती. त्यावर लेखापरीक्षण झालं, दोष सापडले, आणि तरीही गितेकडचं काम वाढतच गेलं. कटलरला मात्र बाजूला सारण्यात आलं.

प्रकरण बाहेर आलं ते ‘द ग्लोब अँड मेल’चा पत्रकार दानिएल लब्लाँ याच्या पाठपुराव्यामुळे. माहिती अधिकारात कागद मागणं आणि ‘माशुएत’ या टोपणनावाने बोलणारा एक गुप्त स्रोत, ही त्याची दोन हत्यारं. या स्रोताचं नाव सांगावं लागू नये म्हणून वर्तमानपत्राला पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2002 मध्ये ग्रुपअ‍ॅक्शन या कंपनीला दिलेल्या तीन अहवालांच्या कंत्राटांचा मामला पेटला. मिळून 16 लाख डॉलर दिले होते. त्यातला एक अहवाल कोणाला सापडेचना आणि उरलेल्यांत बराच मजकूर तोच तो. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी मे 2002 मध्ये सांगितलं की वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नियमपुस्तिकेतला जवळजवळ प्रत्येक नियम मोडलाय. क्रेतिएँ यांचा त्यावरचा प्रतिसाद प्रसिद्ध आहे: काही दशलक्ष डॉलर चोरीला गेलेही असतील, पण देश एकसंध राहिल्याने किती वाचले याचा विचार करा, अशा अर्थाचं ते बोलले. या वाक्याने पुढची कित्येक वर्षं विरोधकांना आयतं खाद्य पुरवलं.

खरा स्फोट 10 फेब्रुवारी 2004 रोजी झाला. फ्रेझर यांच्या सविस्तर अहवालात 25 कोटी डॉलरच्या खर्चापैकी 10 कोटींहून अधिक रक्कम जाहिरात कंपन्यांना गेल्याचं नोंदवलं होतं. तोवर क्रेतिएँ निवृत्त झाले होते आणि पॉल मार्टिन पंतप्रधान होऊन दोनच महिने झाले होते.

पक्षातली भाऊबंदकी लक्षात घेतल्याशिवाय पुढचं राजकारण कळत नाही. मार्टिन आणि क्रेतिएँ यांचं वैर 1990 च्या नेतेपदाच्या लढतीपासूनचं. मार्टिन नऊ वर्षांच्या आसपास अर्थमंत्री होते, देशाची तूट भरून काढण्याचं श्रेय त्यांच्याकडे जायचं, आणि 2002 मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्या गटाने हळूहळू पक्षसंघटना ताब्यात घेऊन क्रेतिएँ यांना निवृत्तीकडे ढकललं. त्यामुळे अहवाल आल्यावर मार्टिन यांच्यापुढे दोन वाटा होत्या: झाकाझाकी किंवा उघडी चौकशी. त्यांनी दुसरी निवडली. योजना तर त्यांनी सत्तेवर येताच, डिसेंबर 2003 मध्ये बंद केली होती. आता गाल्यानो यांना डेन्मार्कच्या राजदूतपदावरून परत बोलावलं, न्यायमूर्ती जॉन गोमरी यांचा आयोग नेमला, आणि स्वतः देशभर फिरून आपणही किती संतापलोय हे सांगत सुटले. हे सगळं जुन्या लोकांचं पाप आहे, असं लोक मानतील, हा हिशेब होता. नैतिकदृष्ट्या मार्टिन यांचा निर्णय बरोबर होता आणि राजकीयदृष्ट्या तो आत्मघाती ठरला. मतदाराला क्रेतिएँ गट आणि मार्टिन गट दिसत नव्हते, त्याला ‘लिबरल’ एवढंच दिसत होतं. शिवाय इतकी वर्षं तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं, हे पटणंही अवघड होतं. (गोमरींनी पुढे त्यांना निर्दोष ठरवलं, पण तोवर उशीर झाला होता.)

वेळही वाईट होती. 1993 पासून उजव्या विचारांची मतं दोन पक्षांत विभागली जात असल्याने लिबरलांना फारसे कष्ट न करता बहुमत मिळत होतं. डिसेंबर 2003 मध्ये ते दोन्ही पक्ष एकत्र येऊन कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी झाली आणि मार्च 2004 मध्ये स्टीफन हार्पर तिचे नेते झाले. घोटाळा दोन वर्षं आधी असा फुटला असता तर लिबरल बहुधा निभावून गेले असते. 28 जून 2004 च्या निवडणुकीत 308 पैकी 135 जागा मिळवून त्यांचं सरकार टिकलं, पण अल्पमतात. क्विबेकमध्ये मात्र धूळधाण झाली. 2000 मध्ये तिथल्या 75 पैकी 36 जागा त्यांच्याकडे होत्या, त्या 21 वर आल्या. फुटीरतावादी ब्लॉक केबेक्वा 38 वरून 54 वर गेला. आपल्याच करातून आपली मतं विकत घ्यायचा प्रयत्न झाला आणि त्यातही मधल्यांनी हात मारला, हा राग तिथे दुहेरी होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. आणखी एक गंमत: पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात सरकारी अनुदान देणारा कायदा क्रेतिएँ यांनीच जाता जाता केला होता. दर मतामागे वर्षाला 1.75 डॉलर. या अनुदानाचा मोठा लाभ ब्लॉकलाच झाला.

गोमरी आयोगाच्या सुनावण्या सप्टेंबर 2004 मध्ये सुरू झाल्या आणि टीव्हीवरून थेट दाखवल्या गेल्या. क्विबेकमध्ये लोक मालिकेसारख्या त्या बघत. क्रेतिएँ यांच्या सहीचे गोल्फचे चेंडू सरकारी पैशातून बनवले गेले होते. गोमरींनी एका मुलाखतीत त्याला ‘छोट्या गावातला उथळपणा’ अशा अर्थाचं काही म्हटलं. शाविनिगन या छोट्या गावातून आलेल्या क्रेतिएँ यांनी फेब्रुवारी 2005 मध्ये साक्षीच्या शेवटी बॅगेतून अमेरिकी अध्यक्षांची नावं असलेले चेंडू एकेक करून बाहेर काढले आणि हेही छोट्या गावातले का, असं विचारलं. शेवटचा चेंडू होता गोमरींची मुलगी ज्या वकिली संस्थेत काम करत होती तिच्या नावाचा. सभागृह हसलं. न्यायाधीशाने चौकशी संपण्याआधी मुलाखत द्यायला नको होती, हे मात्र खरंच होतं. 2008 मध्ये केंद्रीय न्यायालयाने पूर्वग्रहाची शंका वाजवी ठरवत क्रेतिएँ यांच्यावरचे आयोगाचे निष्कर्ष रद्द केले.

एप्रिल 2005 मध्ये ग्रुपअ‍ॅक्शनचे मालक ज्याँ ब्रो यांची साक्ष उघड झाली आणि विनोद संपला. लिबरल पक्षाला दिलेले पैसे, रोखीत दिलेली पाकिटं, कंपनीच्या पगारपत्रकावर ठेवलेले पक्षाचे कार्यकर्ते, हे सगळं त्यांनी शपथेवर सांगितलं. फौजदारी खटल्यामुळे या साक्षीच्या प्रसिद्धीवर बंदी होती, पण सीमेपलीकडच्या एका अमेरिकी संकेतस्थळाने ती छापली आणि बंदी निरर्थक झाली. 21 एप्रिलला मार्टिन यांनी टीव्हीवरून देशाची माफी मागितली आणि अंतिम अहवालानंतर निवडणूक घेण्याचं वचन दिलं.

पुढचा महिना संसदीय नाट्याचा होता. डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचा पाठिंबा टिकवण्यासाठी अर्थसंकल्पात 4.6 अब्ज डॉलरच्या खर्चाची भर घातली गेली. 33 कोटींच्या प्रकरणातून वाचण्याची किंमत. 17 मे रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्या बेलिंडा स्ट्रोनक लिबरलांकडे आल्या आणि त्याच दिवशी मंत्री झाल्या. 19 मे रोजी या वाढीव खर्चावर मतदान झालं ते 152 विरुद्ध 152. कर्करोगाशी झुंजणारे अपक्ष खासदार चक कॅडमन यांनी सरकारच्या बाजूने मत दिलं होतं, आणि सभापती पीटर मिलिकन यांच्या निर्णायक मताने सरकार वाचलं. विश्वासमताचा निकाल सभापतींच्या मताने लागण्याची कॅनडातली ती पहिलीच वेळ.

1 नोव्हेंबरला गोमरींचा पहिला अहवाल आला. पक्षाने 11 लाखांहून जास्त डॉलर सरकारला परत केले, पण उपयोग झाला नाही. 28 नोव्हेंबरला 171 विरुद्ध 133 मतांनी सरकार पडलं. प्रचाराच्या मध्यावर, कर धोरणाची माहिती अर्थखात्यातून बाजारात फुटल्याच्या संशयावरून पोलिसांनी तपास सुरू केल्याची बातमी आली. त्या प्रकरणाचा प्रायोजकत्वाशी संबंध नव्हता, पण मतदारांनी वेगळा हिशेब ठेवला नाही. 23 जानेवारी 2006 ला कॉन्झर्व्हेटिव्हना 124 आणि लिबरलांना 103 जागा मिळाल्या. क्विबेकमध्ये लिबरल 13 वर घसरले.

हार्पर सरकारचा पहिला मोठा कायदा होता उत्तरदायित्वाचा, डिसेंबर 2006 मधला. कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी, संसदेसाठी स्वतंत्र अर्थसंकल्प अधिकारी, आणि खात्याच्या सचिवांनी हिशेबासाठी थेट संसदीय समितीपुढे उभं राहणं, या तरतुदी त्यातल्या. गितेचा विभाग सचिवांना वगळून चालायचा, हे आठवलं की शेवटची तरतूद कुठून आली ते कळतं. क्विबेकची मतं मात्र भटकत राहिली. 2011 मध्ये ती ब्लॉकलाही सोडून न्यू डेमोक्रॅट्सकडे गेली आणि लिबरल देशभरात 34 जागांवर आले. क्विबेकमध्ये त्यांना पुन्हा बहुसंख्य जागा मिळाल्या त्या 2015 मध्ये, जस्टिन ट्रूडो यांच्या नेतृत्वाखाली.

तुरुंगात गेले ते बहुतेक मधले लोक. गितेला आणि जाहिरात कंपनीचे मालक ज्याँ लाफ्लर यांना साडेतीन वर्षं, ब्रो यांना अडीच वर्षं. पॉल कॉफिन यांना आधी तुरुंगाऐवजी विद्यार्थ्यांना नीतिमत्तेवर व्याख्यानं देण्याची मुभा मिळाली होती. वरच्या न्यायालयाने ती बदलून दीड वर्षाची कैद दिली. क्रेतिएँ यांचे जुने मित्र झाक कॉरिव्हो यांचा निकाल सर्वांत शेवटी लागला. जानेवारी 2017 मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ओटावात पुन्हा लिबरल सरकार होतं.