मनगट हलण्याआधीचा अर्धा सेकंद

माणूस आपल्या मर्जीने वागतो की कारणांच्या साखळीत बांधलेला असतो, हा वाद बुद्धाच्या काळातही रंगला होता. आजीवक पंथाचा प्रमुख मक्खली गोशाला याचे मत असे की, सुताचा गुंडा फेकला की तो सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा जीवही ठरलेले फेरे संपवूनच सुटतो. प्रयत्नाने त्यात फरक पडत नाही. आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत, त्यामुळे हे मत आपल्याला कळते ते त्यांच्या विरोधकांकडून, म्हणजे बौद्ध आणि जैन ग्रंथांतून. त्यात थोडे तिखटमीठ असणारच.

पुढे नियतीची जागा निसर्गनियमांनी घेतली. विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरची बले ज्या बुद्धीला कळतील, तिला भविष्यही भूतकाळासारखे लख्ख दिसेल, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४ मध्ये लिहिले. हे झाले कल्पनेतले. मला त्याहून अस्वस्थ करतात ते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले. फ्रान्समधल्या गुन्ह्यांचे आकडे चाळताना त्यांना दिसले की, खुनांची संख्या वर्षानुवर्षे जवळपास तेवढीच राहते. इतकेच नव्हे, कोणत्या हत्याराने किती खून, हे प्रमाणही फारसे हलत नाही. खून करणारा दरवर्षी वेगळा, रागाचे कारण वेगळे, आणि बेरीज मात्र तीच! १८३५ च्या ग्रंथात त्यांनी निष्कर्ष काढला की, गुन्ह्याची तयारी समाज करतो, गुन्हेगार केवळ साधन असतो. अर्थात, बेरीज ठरलेली दिसली म्हणून त्यातला अमुक एक माणूस खून करणारच, हे त्यातून निघत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी सूत्रे परिस्थितीच्या हाती दिली: ज्या वागण्याला बक्षीस मिळते ते टिकते. मग वाद थेट मेंदूत शिरला. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात माणसे एका पडद्यासमोर बसत. पडद्यावर प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारी. वाटेल तेव्हा मनगट हलवायचे आणि तशी इच्छा झाली त्या क्षणी ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचे. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी होई, पण मेंदूतली विद्युत हालचाल सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली असे.

‘निर्णय मेंदूच घेतो, आपल्याला फक्त बातमी मिळते’ हा अर्थ यातून अनेकांनी काढला. लिबेट यांनी तो काढला नव्हता. उरलेल्या क्षणात माणूस हालचाल रोखू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

२०१२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्या विद्युत हालचालीच्या आलेखाचाच वेगळा अर्थ लावला. मेंदूत चढउतार सतत चालूच असतात. ते एका पातळीपलीकडे गेले की हात हलतो. हालचालीच्या क्षणापासून मागे जाऊन अशा अनेक नोंदींची सरासरी काढली, की हळूहळू चढत गेलेली रेषा दिसणारच. तिला आधीच झालेला निर्णय म्हणायची गरज नाही. हा खुलासा वाचायला लिबेट नव्हते. २००७ मध्येच त्यांचे निधन झाले होते.