रात्रीचे व्हीएफआर उड्डाण आणि गजबजलेले आकाश : विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

इंदूर येथे आमच्याकडे ग्राउंड क्लास पूर्ण करून पुढे उड्डाणाच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे पत्रक तयार केले आहे. भारतात व्हीएफआर म्हणजे बाहेर पाहून विमान चालवण्याच्या दृश्य उड्डाण नियमांनुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सर्वसाधारणपणे उड्डाण करता येत नाही. स्थानिक उड्डाणे व फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणे यांना हवाई वाहतूक नियंत्रण सवलत देऊ शकते. अमेरिकेत मात्र खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठीच रात्रीचे 3 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे असून त्यात एकूण 100 नॉटिकल मैलांहून अधिक अंतराचे एक क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतचे उड्डाण करावे लागते. येथे ज्याचा अनुभव सहसा मिळत नाही, ते तेथे लवकरच समोर येते.

अमेरिकेतील मोठ्या विमानतळांभोवतीचे क्लास ब्राव्हो, म्हणजे नियंत्रकाच्या परवानगीनेच प्रवेश मिळणारे हवाई क्षेत्र वर जाताना रुंदावत जाणाऱ्या थरांचे असते. फीनिक्सच्या स्काय हार्बर विमानतळाभोवती असे क्षेत्र आहे आणि प्रशिक्षणाच्या विमानांनी भरलेले डिअर व्हॅली विमानतळ त्याच्याच थराखाली येते. थराच्या खालून जाण्यास ब्राव्होची परवानगी लागत नाही. आत शिरायचे असल्यास मात्र नियंत्रकाने प्रवेशाची परवानगी स्पष्ट शब्दांत दिलेली असावी लागते. त्याहून कमी गर्दीच्या विमानतळांभोवतीच्या क्लास चार्ली क्षेत्रात नियंत्रकाने तुमचे कॉलसाइन, म्हणजे विमानाचे रेडिओवरील नाव, घेऊन नुसते ‘स्टँडबाय’ म्हटले तरी प्रवेशासाठी लागणारा संपर्क झाला असे धरतात, आणि त्याच सवयीने विद्यार्थी ब्राव्होची कड ओलांडतात. फ्लाइट फॉलोइंग (नियंत्रकाने रडारवरून आसपासच्या विमानांची माहिती देण्याची सेवा) घेतले, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखण्याचा क्रमांक) मिळाला, ‘रडार कॉन्टॅक्ट’ (विमान रडारवर ओळखले गेले) हे शब्दही ऐकू आले, तरी त्यांपैकी कशालाही ब्राव्होची परवानगी मानता येत नाही.

दिवसा ही कड एखाद्या महामार्गावरून, कालव्यावरून किंवा डोंगराच्या सोंडेवरून ओळखता येते. रात्री महामार्ग वस्तीच्या दिव्यांत मिसळून जातो आणि डोंगर तर दिसतच नाही. म्हणून मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी दोन आकडे आधीच लिहून ठेवण्यास आम्ही शिकवतो : डोक्यावरच्या थराची तळउंची आणि नकाशाच्या त्या चौकटीत छापलेली कमाल उंची. हा दुसरा आकडा साधारणपणे सर्वांत उंच अडथळ्याच्या माथ्याचा असतो, त्यावरून सुरक्षितपणे जाण्यासाठी लागणारे अंतर त्यात धरलेले नसते. ते आपण धरायचे. दोन्हींच्या मध्ये उरते तेवढीच जागा आपली, आणि ती अपुरी वाटली तर वळसा घालावा किंवा परवानगी मागावी. मधूनच कसेबसे निघून जाऊ, हा विचार जमिनीवरच सोडून द्यावा.

टॅब्लेटवर सर्व दिसत असताना कागदी नकाशा कशासाठी, असे पालक हमखास विचारतात. टॅब्लेट विमान कोठे आहे ते उत्तम दाखवतो, आम्हीही तो वापरतो. परंतु अंधाराला सरावण्यास डोळ्यांना सुमारे 30 मिनिटे लागतात आणि झगझगीत पडद्याकडे पाहिल्यावर तो सराव क्षणात मोडतो.

इतर विमाने ओळखण्याचा भाग आम्ही सावकाश घेतो. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो. लाल दिवा तुमच्या उजवीकडे आणि हिरवा डावीकडे, असे दोन्ही एकाच वेळी दिसले, तर ते विमान तुमच्या दिशेने येत आहे. काचेवर एकाच जागी स्थिर राहून मोठा होत जाणारा दिवा सर्वांत धोक्याचा. शहराच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर खालून येणारे विमान हरवून जाते. उलट, अंधाऱ्या मैदानापलीकडे फक्त धावपट्टीचे दिवे दिसत असतील तर आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होऊन विमान गरजेपेक्षा खाली आणले जाते. महूच्या पुढे घाटाकडे रात्री गाडीने गेलेल्यांना अशा काळोखाची थोडी कल्पना असेल. अशा वेळी धावपट्टीशेजारचे पापी दिवे, म्हणजे उतरणीचा कोन दाखवणारे लाल-पांढरे दिवे, हेच प्रमाण मानावे.

इंधनाचा नियम थोडक्यात असा : ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर दिवसा 30 मिनिटांचे आणि रात्री 45 मिनिटांचे इंधन शिल्लक राहील, अशा बेतानेच निघावे लागते.

आमचा अभ्यास नकाशा, रेडिओ संभाषण आणि सिम्युलेटर यांपुरता मर्यादित आहे. आमच्याकडे विमान नाही आणि येथील सिम्युलेटरचे तास कोणत्याही परवान्यासाठी उड्डाणाचे तास म्हणून धरले जात नाहीत, ही बाब प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी कृपया लक्षात घ्यावी.